कुमारी ज्यूलिएट डेरिकॉट (१८९७–१९३१)

यरुशलेमेहून यरीहोस जाणाऱ्या वाटेवर जखमी होऊन पडलेल्या मनुष्याचा दृष्टांत आमच्या मंडळ्यांतील लहान मुलांसही ठाऊक आहे. त्या वाटेने दोघे धार्मिक गृहस्थ आले आणि बाजूने निघून गेले. ज्यास परका म्हणून तुच्छ मानीत तोच थांबला. हा दृष्टांत आपण शब्बाथशाळेत शिकवितो, त्यावर उपदेश ऐकतो आणि घरोघर जातो. आज ज्या बाईंचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो, त्यांच्या आयुष्याचा शेवट अशाच एका वाटेवर झाला. ती वाट यहूदियातील नव्हती. ती अमेरिकेच्या दक्षिण भागातील होती, आणि तिच्या दोन्ही अंगांस ख्रिस्ती लोकांची गावे व उपासनामंदिरे होती. ह्या बाईंनी आपले तारुण्य ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या संघटनांत गोऱ्यांस व काळ्यांस एकत्र आणण्याच्या कामी वेचले होते. त्या आपल्या देशातही येऊन गेल्या होत्या. म्हणून त्यांची हकिकत आमच्या वाचकांस परकी वाटू नये.

ज्यूलिएट हिचा जन्म ता. १ एप्रिल १८९७ रोजी जॉर्जिया संस्थानातील अ‍ॅथेन्स ह्या गावी झाला. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने नष्ट होऊन तेव्हा ३२ वर्षे झाली होती. तिचे वडील आयझॅक हे जोडे शिवण्याचे व दुरुस्तीचे काम करीत आणि आई लॉरा शिवणकाम करी. सेरामपूरच्या केरीसाहेबांनीही तरुणपणी हाच जोड्यांचा धंदा केला होता, हे आमच्या वाचकांस आठवतच असेल. ह्या जोडप्यास नऊ मुले झाली. त्यांत ज्यूलिएट पाचवी.

गावात लूसी कॉब इन्स्टिट्यूट नावाची मुलींची एक प्रसिद्ध शाळा होती. त्या शाळेत आपण जावे असे लहानग्या ज्यूलिएटच्या मनाने घेतले. तेव्हा ती शाळा गोऱ्या मुलींसाठी आहे, तुझा रंग काळा म्हणून तुला तेथे घेणार नाहीत, हे तिच्या आईस तिला समजावून सांगावे लागले. ज्या आईने आपल्या लेकरास असे काही एकदा तरी सांगितले आहे, तिलाच त्या घटकेचे दुःख कळेल. मुलीने ती गोष्ट मनात ठेविली. तिने द्वेष धरिला नाही, पण तो अन्याय आहे हे ती कधी विसरलीही नाही. पुढे तिने जे काम केले त्याचे बीज त्या दिवशी पडले असे म्हणावयास हरकत नाही.

शालेय शिक्षण संपल्यावर ती अलाबामा संस्थानातील टॅलडेगा कॉलेजात गेली. ह्या कॉलेजाची हकिकत सांगण्याजोगी आहे. विल्यम सॅव्हरी व टॉमस टॅरंट ह्या दोघा मुक्त झालेल्या गुलामांनी, आपल्या लोकांच्या मुलांस विद्या मिळावी म्हणून, यादवी युद्ध संपताच खटपट आरंभिली. टॅलडेगात गोऱ्या मुलांच्या शाळेसाठी पूर्वी बांधलेली एक मोठी इमारत विकावयास निघाली होती. ती बांधण्याच्या कामी ज्या गुलाम सुतारांचे हात लागले होते, त्यांत सॅव्हरी हा एक होता. सन १८६७ त ती इमारत अमेरिकन मिशनरी असोसिएशनच्या साहाय्याने विकत घेण्यात आली, आणि जी इमारत गुलामांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी उभारिली तीत त्यांची स्वतःची मुले शिकू लागली. ह्या असोसिएशनला मुख्यत्वे काँग्रिगेशनल मंडळ्यांचा आधार होता. अहमदनगरचे अमेरिकन मराठी मिशन ज्या अमेरिकन बोर्डाने स्थापिले त्यासही त्याच मंडळ्यांचा आधार होता. म्हणजे दोन्ही कामे एकाच झाडाच्या फांद्या होत. परंतु हेही सांगितले पाहिजे की, गुलामगिरीविरुद्ध स्पष्ट बोलण्यास जुनी मिशने कचरतात असे वाटल्यावरूनच काही मंडळींनी सन १८४६ त ही निराळी असोसिएशन काढिली होती. ख्रिस्ती मनुष्याचे मौन किती महाग पडते, ह्याचा हा एक जुना दाखला आहे.

टॅलडेगात ज्यूलिएट वादविवादांत भाग घेऊ लागली, आणि कॉलेजातील यंग विमेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या शाखेची अध्यक्ष झाली. सन १९१८ त ती पदवीधर झाली. त्याच उन्हाळ्यात न्यू यॉर्क येथे सदर असोसिएशनच्या शिक्षणवर्गात काही काळ शिकून त्या विद्यार्थिनींच्या कामासाठी राष्ट्रीय चिटणीस झाल्या, आणि अकरा वर्षे त्यांनी हे काम केले.

ह्या संघटनांची रचना कशी होती हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे, म्हणजे डेरिकॉटबाईंचे काम किती अवघड होते हे ध्यानात येईल. प्रत्येक कॉलेजात विद्यार्थ्यांचा एक ख्रिस्ती संघ असे. प्रार्थना, शास्त्राभ्यास व लोकसेवा ही त्याची कामे. अशा संघांचे मिळून प्रांताचे मंडळ होई, आणि उन्हाळ्याच्या सुटीत परिषद भरे. त्यांच्यावर राष्ट्रीय समिती असे. सर्व देशांतील अशा संघटनांचे मिळून सन १८९५ त स्वीडन देशातील वाडस्टेना येथे जॉन मॉट व त्यांचे सहकारी यांनी विद्यार्थ्यांचे जागतिक ख्रिस्ती संघटन स्थापिले. प्रभूने आपले सर्व शिष्य एक व्हावेत म्हणून जी प्रार्थना केली, तीच ह्या संघटनेने आपले ब्रीद म्हणून स्वीकारिली.

ब्रीद असे होते. व्यवहार निराळा होता. दक्षिणेत काळ्या कॉलेजांचे संघ निराळे आणि गोऱ्या कॉलेजांचे निराळे. नॉर्थ कॅरोलिना ह्या एकाच संस्थानात गोऱ्या विद्यार्थ्यांची परिषद ब्लू रिज येथे भरे आणि काळ्या विद्यार्थ्यांची किंग्ज माउंटन येथे. दोन्हीकडे तेच शास्त्र वाचले जाई आणि त्याच प्रभूची प्रार्थना होई. परंतु दोघे एका मेजाशी बसत नसत. कोठे कोठे काही धीट विद्यार्थी व शिक्षक एकत्र जमत. पण आगगाडीचे डबे निराळे, खाणावळी निराळ्या, आणि कायदा व रूढी ही दोन्ही त्यांच्या विरुद्ध. ह्या कामी डेरिकॉटबाईंच्या आधी ज्यांनी वाट पाडली त्यांत विल्यम हंटन यांचे नाव अग्रभागी आहे. सन १८८८ त ते यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनचे चिटणीस झाले, आणि सन १९०७ त टोकिओ येथील जागतिक विद्यार्थी परिषदेस गेले. अशा थोड्याच लोकांनी तयार केलेल्या पायवाटेवरून आमच्या चरित्रनायिकेस पुढे जावयाचे होते.

राष्ट्रीय चिटणिसाचे काम म्हणजे वर्षभर फिरणे. कॉलेजांस भेटी देणे, परिषदांची आखणी करणे, शाखांतून पुढारी तयार करणे, हे काम त्यांनी केले. दक्षिणेत काळ्या प्रवाशांस गोऱ्यांच्या डब्यात बसण्याची कायद्याने मनाई असे. बंधुभाव वाढविण्याचे काम ज्यांच्या शिरावर सोपविले होते, त्यांसच परिषदेस जाताना निराळ्या डब्यात बसावे लागे. डेरिकॉटबाईंनी हे सर्व सोसले, आणि आपल्या वागणुकीने, अभ्यासाने व मोकळ्या बोलण्याने विद्यार्थिनींच्या मंडळाचे रूप हळूहळू पालटले. पूर्वी काळ्या मुलींचा प्रश्न हा एका निराळ्या खात्याचा प्रश्न म्हणून मानीत; तो सर्व मंडळाचा प्रश्न होऊ लागला. काळ्या विद्यार्थिनी पाहुण्या म्हणून बोलाविल्या जात; त्या सोबतीने विचार करणाऱ्या पुढारी होऊ लागल्या. ही संघटना वर्णभेद ओलांडणारी झाली ह्याचे मोठे श्रेय पुढे जाणत्यांनी त्यांस दिले आहे. ह्याच धामधुमीत त्यांनी अभ्यासही सोडिला नाही. सन १९२७ त कोलंबिया विश्वविद्यालयाची धार्मिक शिक्षण ह्या विषयातील एम. ए. ची पदवी त्यांनी मिळविली. टॅलडेगा कॉलेजाच्या विश्वस्त मंडळावरही त्यांची नेमणूक झाली. 

सन १९२४ त जागतिक संघटनेच्या सभेसाठी त्या इंग्लंडास गेल्या. अमेरिकेतून गेलेल्या प्रतिनिधींत काळ्या विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी दोघेच होते. त्यांपैकी त्या एक. चार वर्षांनी, सन १९२८ च्या डिसेंबरात, त्याच संघटनेची सभा आपल्या देशात म्हैसूर येथे भरली, आणि डेरिकॉटबाई हिंदुस्थानात आल्या. त्या येथे सात आठवडे राहिल्या. असोसिएशनची घरे, विद्यार्थ्यांची वसतिगृहे, मिशनच्या शाळा आणि हिंदी कुटुंबे, अशा निरनिराळ्या ठिकाणी त्यांनी मुक्काम केला. तेथून चीन व जपान ह्या देशांतून त्या स्वदेशी परतल्या.

म्हैसूरच्या सभेने त्यांच्या मनावर जो ठसा उमटविला तो पुसला गेला नाही. तेथे निरनिराळ्या राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले होते. त्यांत राज्यकर्त्या देशांचे होते आणि राज्याखाली असलेल्या देशांचेही होते. गोरे, पिवळे, सावळे व काळे होते. मतभेद पुष्कळ झाले. तरी ज्या बाईस जन्मभूमीत गोऱ्यांच्या पंक्तीस बसता येत नसे, तीच येथे बरोबरीच्या नात्याने सर्वांमध्ये बसून विचारविनिमय करीत होती. ह्या सभेचा वृत्तांत त्यांनी सन १९२९ त द क्रायसिस ह्या मासिकात लिहिला. मतभेद व अडचणी नाहीशा न होताही अंतःकरणापासूनची मैत्री होऊ शकते, आणि ती झालेली आपण डोळ्यांनी पाहिली, असा त्याचा आशय होता. ज्या देशात जन्मावरून मनुष्याची पंक्ती ठरविण्याची चाल हजारो वर्षे चालत आली, त्या देशाच्या भूमीवर त्यांस हा अनुभव यावा, ह्याचा आम्हांस अभिमान वाटावा की लाज वाटावी, हे आम्हीच ठरवावयाचे आहे.

स्वदेशी परतल्यावर सन १९२९ त त्यांनी असोसिएशनचे काम सोडिले आणि नॅशव्हिल येथील फिस्क विश्वविद्यालयात विद्यार्थिनींच्या डीनची जागा स्वीकारिली. फिस्क ही संस्थाही अमेरिकन मिशनरी असोसिएशननेच सन १८६६ त स्थापिलेली होती. काही वर्षांपूर्वी तेथे जाचक नियमांवरून विद्यार्थ्यांनी मोठा बंड केला होता, आणि मुलींच्या मनात वरिष्ठांविषयी संशय होता. डेरिकॉटबाईंनी मुलींवर विश्वास टाकिला. मोकळीक दिल्याने जबाबदारी शिकता येते, असे त्यांचे मत होते. मुलींस हे नवीन वाटले आणि त्यांची मने जिंकावयास वेळ लागला. पण ती जिंकली गेली.

आता शेवटची हकिकत. ता. ६ नोव्हेंबर १९३१ रोजी डेरिकॉटबाई फिस्कच्या तिघा विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन मोटारीने नॅशव्हिलहून अ‍ॅथेन्सला आईच्या भेटीस निघाल्या. जॉर्जियातील डाल्टन गावाच्या जवळ समोरून येणाऱ्या मोटारीशी त्यांच्या मोटारीची टक्कर झाली. दुसऱ्या मोटारीत एक गोरे जोडपे होते. डेरिकॉटबाई व एक विद्यार्थिनी यांस भयंकर दुखापत झाली. गोऱ्या डॉक्टरांनी त्यांस आपल्या खोलीत तपासून पट्ट्या बांधिल्या, हे सांगणे न्यायाचे आहे. परंतु गावात इस्पितळ असता त्यांस तेथे नेण्यात आले नाही, कारण काळ्या रोग्यांस तेथे घेत नसत. त्यांस गावातील एका काळ्या बाईच्या घरी नेऊन ठेविले. पुढे रात्री डेरिकॉटबाईंस टेनेसी संस्थानातील चॅटनूगा शहरी, काळ्या लोकांच्या इस्पितळात नेण्यात आले. ती विद्यार्थिनी वाचली नाही, आणि ता. ७ नोव्हेंबर रोजी डेरिकॉटबाईंनीही देह ठेविला. त्यांचे वय ३४ वर्षांचे होते. ज्या लूसी कॉब शाळेने त्यांस बाळपणी दार बंद केले होते, ती शाळाही त्याच साली कायमची बंद झाली.

इस्पितळात नेल्या असत्या तर त्या वाचल्या असत्या की नाही, हे सांगता येणार नाही; ते देव जाणे. परंतु दार बंद होते ही गोष्ट कोणासही नाकारता येत नाही. त्यातही विशेष हे की, कोणा एका दुष्ट मनुष्याने त्या रात्री त्यांस हाकलून दिले असे घडले नाही. दार बंद ठेवणे ही तेथील चालच होती. चालीस अनुसरून सर्वजण वागले, म्हणून कोणाच्याही मनास आपण अपराधी आहो असे वाटण्याचे कारण उरले नाही. पापाचे हे रूप सर्वांत भयंकर आहे. जे पाप एक मनुष्य करितो त्याबद्दल तो कधी तरी रडतो. जे पाप सगळा गाव मिळून रूढी म्हणून करितो त्याबद्दल रडणारा कोणी सापडत नाही.

ही बातमी पसरताच अमेरिकेतील विद्यार्थ्यांत, गोऱ्यांत व काळ्यांतही, मोठा क्षोभ झाला. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थांनी चौकशी केली. ठिकठिकाणी स्मरणार्थ उपासना झाल्या. अ‍ॅथेन्स येथील उपासनेत त्यांचे मित्र हॉवर्ड थर्मन यांनी उपदेश केला. ज्या विद्यार्थ्यांनी परिषदेत त्यांच्याबरोबर बसून प्रार्थना केली होती, त्यांस आता कळून आले की, परिषदेच्या मांडवात मिळालेले ऐक्य रस्त्यावर व इस्पितळाच्या दारापर्यंत पोहोचले नाही तर ते अर्धेच आहे.

त्यांचे काम त्यांच्याबरोबर संपले नाही. सन १९३५–३६ त हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिलोन येथील विद्यार्थ्यांच्या भेटीस काळ्या अमेरिकन ख्रिस्ती लोकांचे एक शिष्टमंडळ आले. त्याचे पुढारी तेच हॉवर्ड थर्मन. त्यांच्या पत्नी सू बेली थर्मन याही बरोबर होत्या. वर्णभेद पाळणाऱ्या ख्रिस्ती धर्माची वकिली करावयास आपण जाणार नाही, असे म्हणून थर्मन यांनी प्रथम हे आमंत्रण स्वीकारण्यास अनमान केला होता. कोलंबोस एका हिंदू गृहस्थाने त्यांस अगदी तोच प्रश्न विचारिला: ज्या धर्माच्या लोकांनी तुमच्या पूर्वजांस गुलाम केले, त्याच धर्माचे तुम्ही कसे? सन १९३६ च्या फेब्रुवारीत बारडोली येथे महात्मा गांधींची व ह्या मंडळींची भेट झाली. स्वदेशी परतल्यावर सू थर्मन यांनी व्याख्याने देऊन पैसा जमविला, आणि काळ्या विद्यार्थिनींस हिंदुस्थानात येऊन शिकता यावे म्हणून डेरिकॉटबाईंच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू केली. ज्या मुलीस आपल्या गावातील शाळेत जागा मिळाली नाही, तिच्या नावाने दुसऱ्या मुलींस समुद्रापलीकडे विद्येचे दार उघडले.

पुढे सन १९४६ त अमेरिकेच्या यंग विमेन्स ख्रिश्चन असोसिएशनने, आपल्या सर्व कामांत काळ्या व गोऱ्या स्त्रियांचा पूर्ण समावेश व्हावा, असा ठराव राष्ट्रीय अधिवेशनात संमत केला. सन १९६४ त नागरी हक्कांचा कायदा झाला. सन १९६६ त वृद्धांच्या औषधोपचारासाठी सरकारी पैसा मिळू लागला तेव्हा, वर्णभेद पाळणाऱ्या इस्पितळास तो मिळणार नाही असे ठरले, आणि दक्षिणेतील कित्येक इस्पितळांची दारे काळ्या रोग्यांस तेव्हा कोठे उघडली. डाल्टनच्या त्या रात्रीनंतर ह्या गोष्टीस सुमारे ३५ वर्षे लागली. कायदा आल्यावर जे काही महिन्यांत झाले, ते ख्रिस्ती प्रीतीस कित्येक पिढ्यांत का करिता आले नाही, हा प्रश्न प्रत्येक ख्रिस्ती मनुष्याने आपणांस विचारावा असा आहे.

आमच्या मंडळ्यांतील वाचकहो, हे चरित्र वाचून अमेरिकेतील लोकांस नावे ठेवणे सोपे आहे. आमचा हेतू तो नाही. वार्षिक मेळाव्यास आपण एका मांडवाखाली बसतो, एका पंक्तीस जेवितो, एका प्याल्यातून प्रभुभोजन घेतो. परंतु घरी परतल्यावर मुलीसाठी स्थळ पाहताना, पंच निवडताना, नव्याने आलेल्या कुटुंबास शेजार देताना, कोणाचे आजोबा कोणत्या वाड्यात राहत होते ह्याची हळूच विचारपूस होते की नाही? होत असेल तर आमचेही ऐक्य मांडवापुरतेच आहे. चाल म्हणून जे आपण करितो त्याकडे एकदा डोळे उघडून पाहावे; कारण चालीनेच ते दार बंद ठेविले होते.

जोडे शिवणाऱ्याची ही लेक आपले काम करून गेली. तिच्यासाठी ते दार उघडले गेले नाही. आपल्या हातात जे दार आहे ते उघडे ठेवण्याची सुबुद्धी प्रभू आपणां सर्वांस देवो.